117 टनांचा एक्स्कॅव्हेटर समुद्रापार नेताना: प्रकल्प नोंदी

काम असं: बंद पडलेल्या खाणीतला वापरलेला हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर विकत घेतला आहे, कागदोपत्री वजन 117 टन. तो सुटा करायचा, दुसऱ्या खंडातल्या खाणीवर पोचवायचा आणि तिथे पुन्हा उभा करायचा. खरेदीदाराच्या बाजूने वाहतूक माझ्याकडे. याआधी 30 टनांपर्यंतची यंत्रं मी बोटीवर चढवली आहेत. एवढं मोठं धूड पहिल्यांदाच. रकमा लिहीत नाही, कारण सागरी भाडं महिन्याभरात कुठल्या कुठे जातं. आमचं ठरलेलं सागरी भाडं 100 धरा. बाकीचे खर्च त्याच मापाने देतो.

6 जानेवारी

आज फक्त टेप, खडू आणि वही. फोरमन म्हणाला, "ब्रोशरमध्ये सगळी मापं आहेत की." आहेत, पण ती कारखान्यातून निघालेल्या यंत्राची. हे यंत्र अकरा वर्षं खाणीत राबलंय. आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना पायवाटेचे ब्रॅकेट वाढवून वेल्ड केलेत, इंजिनवर जाळी चढवलीय, बकेटला आतून जाड पट्ट्या मारल्यात. वरच्या धडाची रुंदी ब्रोशरपेक्षा 14 सेंटिमीटर जास्त भरली.

14 सेंटिमीटरने काय होतंय असं वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. या प्रकारच्या जहाजी मालाचं भाडं 'फ्रेट टना'वर लागतं: 1 घनमीटर किंवा 1000 किलो, जे जास्त भरेल ते. धड केबिनसकट 7.2 × 3.5 × 3.6 मीटर, म्हणजे जवळपास 91 घनमीटर. वजन कागदावर 38 टन. भाडं 91 वर लागणार. केबिन उतरवली तर उंची 2.7 मीटरवर येते आणि आकडा 68 होतो. केबिन वेगळी पाठवली तर तिचे साधारण साडेआठ घनमीटर वाढतात. तरी 14 फ्रेट टन वाचतात. वाढीव ब्रॅकेट कापले की आणखी पावणेतीन.

केबिन काढायची म्हणजे वायरिंगचे सगळे सॉकेट सोडवायचे, एसीचा गॅस काढून घ्यायचा, पायलट होज (लीव्हरचा हुकूम पोचवणाऱ्या तेलाच्या बारीक नळ्या) मोकळे करायचे. फिटरचा अंदाज दोन दिवस. तरीही काढायचं ठरलं. वेल्डरला ब्रॅकेट कापायला सांगितले, कापलेले तुकडे मात्र जपून ठेवले आहेत. तिकडे परत जोडावे लागतील.

9 जानेवारी

करार वाचला. तो सही होण्याआधी वाचायला हवा होता.

आमच्या खरेदी विभागाने ईएक्सडब्ल्यू अटीवर सौदा केलाय, किंमत कमी दिसते म्हणून. या अटीत विक्रेता माल स्वतःच्या दारात ठेवतो आणि मोकळा होतो. चढवणं आपलं, निर्यातीची कस्टम्स मंजुरीही आपली. विक्रेत्याच्या देशात आमची कंपनी नोंदणीकृत नाही, त्यामुळे निर्यातदार म्हणून आमचं नाव घालता येत नाही. इन्कोटर्म्स 2020 (आंतरराष्ट्रीय सौद्यांच्या प्रमाण अटी) मधली एफसीए अट घेतली असती तर निर्यात मंजुरी विक्रेत्याकडे राहिली असती.

करार बदलून घेण्यात नऊ दिवस गेले. विक्रेत्याने बदलासाठी भाड्याच्या 4 इतकी रक्कम मागितली, ती दिली. भांडण्यात अर्थ नव्हता, काम त्यांच्या आवारात चालणार होतं.

15 जानेवारी

बुकिंग. फॉरवर्डरने (वाहतूक जुळवून देणाऱ्या एजंटने) दोन वाटा दाखवल्या.

पहिली: धड रो-रो जहाजातून (ज्यात माल चाकांवर आत जातो) मॅफीवर (मॅफी म्हणजे बंदरातला बुटका चाकांचा ट्रेलर, तो मालासकट जहाजात जातो) आणि बाकीचे भाग कंटेनर जहाजातून, दोन फ्लॅट रॅक (बाजूच्या भिंती नसलेले कंटेनर) आणि एका ओपन टॉपमध्ये (छत नसलेला कंटेनर). दुसरी: सगळं एकाच रो-रो जहाजातून तीन मॅफींवर. पहिली वाट 12 ने स्वस्त होती. मी ती घेतली.

21 जानेवारी

स्वस्त वाट रद्द केली. चूक माझी, म्हणून सविस्तर लिहितो.

उतरणीच्या बाजूच्या कस्टम्स एजंटला मी मसुदा पाठवला होता, सहज म्हणून. त्याचा लगेच फोन: "साहेब, यंत्र एका जहाजातून येणार की दोन?" मी म्हटलं दोन, सतरा दिवसांच्या अंतराने. तो म्हणाला, "मग ते यंत्र राहत नाही."

हार्मोनाइज्ड सिस्टिममध्ये (कस्टम्सच्या वस्तू-कोडची आंतरराष्ट्रीय पद्धत) अर्थ लावण्याचा नियम 2(अ) असा आहे की सुटी केलेली वस्तू एकत्र सादर केली तर ती पूर्ण वस्तू म्हणूनच वर्गीकृत होते. आमचा एक्स्कॅव्हेटर 360 अंश फिरणारा, म्हणजे कोड 8429.52. पण अर्धा भाग आज आणि अर्धा सतरा दिवसांनी आला, तर प्रत्येक भागाचं वर्गीकरण वेगळं होऊ शकतं: बकेट 8431 मध्ये (सुट्या भागांचा कोड), ट्रॅक फ्रेम (साखळीपट्ट्याचा सांगाडा) 8431 मध्ये, आणि धड नेमकं काय यावर वाद. शुल्काचे दर वेगळे, वापरलेल्या यंत्राच्या परवान्यावर लिहिलेला कोड वेगळा. काही ठिकाणी आधी अर्ज केला तर तुकड्यांतल्या मालाला एक यंत्र मानतात, पण त्यासाठी आमच्याकडे वेळ उरला नव्हता.

कंटेनरचं बुकिंग मोडलं, दंड 9. बारा वाचवायला गेलो, नऊ घालवून बसलो आणि वरून ते बारा भरावे लागलेच. आता एक जहाज, एक बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती), 10 नग. वर्णनात शब्द न् शब्द असा: 'वापरलेला हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर, एक, सुट्या स्वरूपात, 10 नग'.

27 जानेवारी

सुटं करायला सुरुवात. यंत्र सपाट काँक्रीटवर आणलं, बकेट टेकवली, इंजिन बंद करून लीव्हर सगळ्या दिशांना फिरवून लाइनमधला दाब काढला. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या भांड्यात) नायट्रोजन असतो, तो वेगळा. इंजिन थांबलं म्हणजे दाब गेला असं धरू नका.

दिवसभरात 60 च्या वर होज सुटले. उघड्या तोंडांना प्लॅस्टिकच्या टोप्या लावायच्या होत्या. मागवल्या होत्या 50. संध्याकाळी टोप्या संपल्यावर हेल्परने उरलेल्या तोंडांत चिंध्या कोंबल्या आणि वरून टेप मारला. मी ते पाहिलं आणि "उद्या बदलू" म्हणालो. (हे वाक्य लक्षात ठेवा, मे महिन्यात परत येईल.)

28 जानेवारी

बूमच्या (यंत्राच्या मोठ्या हाताच्या) पायाची पिन. सकाळी सातला हात घातला, संध्याकाळी सहाला निघाली. अकरा तास.

आधी घण, मग तापवणं, मग हायड्रॉलिक पुलर. पुलरचा दाब कमाल खुणेपर्यंत गेला, पिन ढिम्म. दुपारपर्यंत दोघे फिटर एकमेकांवर खेकसायला लागले होते. मग क्रेनवाला खाली उतरला, पिनकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, वजन पिनवर आहे. घणावर कशाला राग काढताय?"

तेच खरं होतं. बूम क्रेनने धरला होता, पण थोडा जास्त उचललेला. त्यामुळे बूमचा पाय वर दाबला जात होता आणि पिन दोन भोकांत कात्रीसारखी अडकली होती. हुकवरच्या लोडसेलचा (वजनकाट्याचा) आकडा बघत क्रेन हळूहळू सैल केली. आकडा बूमच्या वजनाच्या जवळ आला तशी पिन पुलरच्या अर्ध्या दाबावर सरकली. क्रेन तासावर भाड्याने होती. यंत्र सुटं करण्याच्या कामाचं बजेट 25 होतं, शेवटी 38 झालं; त्यातला मोठा वाटा या एका पिनचा.

2 फेब्रुवारी

वजनं. प्रत्येक नग लोडसेलवर उचलून नोंदला. कंटेनरमधल्या मालाला सोलासच्या (सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) नियमाने 1 जुलै 2016 पासून पडताळलेलं वजन देणं सक्तीचं आहे. आमचा माल कंटेनर नाही, तेव्हा कुणी मागितलं नव्हतं. तरी केलं.

धड कागदावर 38, प्रत्यक्षात 39.4 टन. काउंटरवेट (मागचं तोल सांभाळणारं वजन) 18 चं 18.3. बूम 11.5 चा 11.9, स्टिक (बूमच्या टोकाचा लहान हात) 6.5 ची 6.7. बकेटने मात्र कमाल केली: 7.5 ची 9.1, आतल्या पट्ट्यांमुळे. ट्रॅक फ्रेम प्रत्येकी 16 च्या 17.2 भरल्या. फ्रेमवर जादा वेल्डिंग कुठे दिसत नव्हतं. मग हे वजन आलं कुठून? एका फिटरने रोलरच्या मागे पहार घातली आणि सुकलेल्या चिखलाची वीट बाहेर पडली.

ब्रोशरच्या आकड्यावर क्रेन मागवली असती तर बकेट उचलताना लांब रेडियसवर क्रेनचा तक्ता (किती अंतरावर किती वजन उचलता येतं तो) ओलांडला गेला असता. स्लिंगचंही (उचलण्याच्या दोराचंही) तसंच. दोन पायांची स्लिंग आडव्याशी 60 अंशात असेल तर प्रत्येक पायावर वजनाच्या 0.58 पट ताण येतो. कोन 30 अंशांवर आला की प्रत्येक पायावर पूर्ण वजनाइतका. धड उचलताना दोर आखूड पडले होते, कोन 40 च्या आसपास दिसत होता. उचल थांबवून लांब दोर आणवले, अर्धा दिवस गेला. बरं झालं. पहिल्या उचलीत धड इंजिनाच्या बाजूला कललं, कारण बूम आणि काउंटरवेट निघाल्यावर गुरुत्वमध्य कुठे सरकतो हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. 10 सेंटिमीटर उचलायचं, बघायचं, खाली ठेवायचं, शॅकल बदलायचं. चौथ्या वेळी सपाट आलं. तिथे दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाने खूण केली, चढवणीच्या बंदरात तिचाच आधार घेतला.

5 ते 13 फेब्रुवारी

धुलाई. अंदाज तीन दिवस, लागले नऊ. बजेट 5, खर्च 14.

वापरलेल्या यंत्रांसोबत माती, बिया, किडे देशोदेशी फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसपीएम 41, 2017 चं. ते कितपत कडकपणे पाळलं जातं हे उतरणीच्या देशावर अवलंबून. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर तपासणारा माणूस टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊनच येतो, आणि सप्टेंबर ते एप्रिल या काळात एका ढेकणासारख्या किड्यासाठी आणखी वेगळे नियम लागतात. आमचं ठिकाण तेवढं कडक नव्हतं, पण आम्ही तेवढंच कडक धुवायचं ठरवलं. परत पाठवलेलं यंत्र म्हणजे दुप्पट भाडं.

माती कुठे लपते ते लिहून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॅक फ्रेमच्या आतल्या पोकळीत, आयडलरच्या मागे, रोलरच्या गार्डवर. धडाखालच्या बेली प्लेटवर, तीही ऑइल मिसळलेली, म्हणजे पाण्याने जात नाही. रेडिएटरच्या जाळ्यांच्या मधल्या फटीत. एअर फिल्टरच्या डब्यात. बकेटच्या दातांच्या अडॅप्टरमध्ये. केबिनच्या रबरी चटईखाली. काउंटरवेटच्या उचलण्याच्या भोकांत, जिथे चक्क एक रोपटं उगवलं होतं. ट्रॅकच्या दोन्ही साखळ्या पूर्ण पसरून, उलट्या करून धुतल्या. धुतल्यावर ट्रॅक फ्रेम 16.4 टनांवर आल्या. दोन्ही मिळून 1.6 टन चिखल आम्ही समुद्रापार नेणार होतो.

यातच एक गाढवपणा झाला. सुट्या होजवर, सॉकेटवर, पाइपांवर फिटरने पेंट मार्करने नंबर घातले होते, कागदी टॅगही बांधले होते. प्रेशर वॉशरच्या फवाऱ्यात निम्मे गेले. फोटो होते म्हणून दोन दिवस बसून पुन्हा ओळख पटवली. या वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पंचने नंबर ठोकून तारेने बांधले. हे धुलाईच्या आधी करायचं असतं. 43 नंबर पुन्हा लागले, तीन होजची ओळख शेवटपर्यंत पटली नाही.

14 फेब्रुवारी

तपासणी नापास. माती धुतली होती, पण धुतलेल्या ट्रॅक फ्रेम ट्रेलरची वाट बघत मोकळ्या जमिनीवर ठेवल्या होत्या. रात्री पाऊस झाला. खालच्या कडेला पुन्हा ओला चिखल. तपासनिसाने बोट फिरवलं, मला दाखवलं, काही बोलला नाही.

17 तारखेला पास. यंत्र आता काँक्रीटवर, खाली प्लायवुड, वर ताडपत्री.

19 फेब्रुवारी

लाकूड. पॅकिंगच्या पेट्याच नव्हे, यंत्राखाली सरकवलेले ठोकळे आणि पाचरसुद्धा आयएसपीएम 15 मध्ये (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात) येतात. लाकडाच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं, मग शिक्का. प्लायवुडला हा नियम लागत नाही. पेट्या शिक्क्याच्या लाकडाच्याच होत्या. पण कुणीतरी आवारात पडलेले जुने ओंडके ट्रॅक फ्रेमखाली घातले, 'मजबूत आहेत' म्हणून. ते नंतर बंदराच्या दारात पकडले गेले. बदलायला 2, वर एक दिवस.

लाकूड लागतंच कशाला, असा प्रश्न आमच्या नव्या मुलाला पडला. पोलादावर पोलाद घसरतं. जहाजी माल बांधण्याच्या सीएसएस कोडमध्ये कोरड्या पोलादावरच्या पोलादाचं घर्षण 0.1 धरतात आणि ओलं असेल तर शून्य. मध्ये लाकूड किंवा रबर आलं की 0.3. म्हणजे तेवढ्या साखळ्यांचा भार वाचतो.

22 फेब्रुवारी

रस्ता. परवाने आधीच काढले होते, वाटेतले पूल आणि तारा दोन वेळा बघून झाल्या होत्या. दोन रात्री, चार ट्रेलर. काही घडलं नाही. एवढंच.

24 फेब्रुवारी

बंदरात घोळ. धोकादायक मालाच्या यादीत आम्ही बॅटऱ्या लिहिल्या होत्या (ओल्या आम्लाच्या, यूएन 2794), टाकीत उरलेलं डिझेल लिहिलं होतं, अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन काढल्याचा दाखला जोडला होता. इंजिनाच्या कप्प्यातली आग विझवायची यंत्रणा मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. दोन सिलिंडर, दाबाखाली, पार आत. बंदराच्या माणसाने दार उघडलं आणि विचारलं, "हे काय?"

जाहीर न केलेला दाबाखालचा सिलिंडर जहाजात चढत नाही. सिलिंडर काढायला परवानाधारक माणूस हवा होता, तो दुसऱ्या दिवशी आला. आमचं ठरलेलं जहाज त्या रात्री निघून गेलं. पुढचं पाच दिवसांनी. बंदरातलं साठवणूक भाडं 11. यंत्र सुटं करताना फिटरने हे सिलिंडर बघितलेही होते, पण ते हायड्रॉलिकचे नाहीत म्हणून त्याच्या यादीत नव्हते, आणि माझ्याकडे वेगळी यादीच नव्हती.

याच दिवशी विमा. कचेरीतून प्रश्न आला की रो-रो जहाजात माल आतच असतो, तर एवढा विमा कशाला. मी दोन गोष्टी सांगितल्या. हेग-व्हिस्बी या सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वाहतूकदाराची जबाबदारी प्रति नग 666.67 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किंवा प्रति किलो 2 एसडीआर, जे जास्त असेल ते. काउंटरवेटसाठी ते पुरेल, केबिनमधल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी नाही. दुसरी गोष्ट एव्हर गिव्हन या कंटेनर जहाजाची. 23 मार्च 2021 ला ते सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवसांनी सुटलं, नंतर जनरल अ‍ॅव्हरेज (जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधारकांत वाटणं) जाहीर झालं. ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांनाही माल सोडवण्याआधी हमी द्यावी लागली. विमा असला की ती हमी विमा कंपनी देते. कचेरी गप्प बसली. आयसीसी (ए) या सर्वांत व्यापक प्रमाण कलमांवर विमा काढला. वापरलेल्या यंत्राचा गंज त्यात नाही.

1 मार्च

चढवणी. धड एका मॅफीवर. काउंटरवेट आणि दोन्ही ट्रॅक फ्रेम दुसऱ्यावर, एकूण 51.1 टन, म्हणून 60 टनांची मॅफी मागितली होती. बाकी सगळं तिसऱ्यावर.

बांधणीत अंगठ्याचा नियम: नगाच्या प्रत्येक बाजूला लागलेल्या साखळ्यांची एकूण एमएसएल, म्हणजे सुरक्षित धरण्याची ताकद, नगाच्या वजनाइतकी हवी. साखळीची एमएसएल तुटण्याच्या ताकदीच्या निम्मी धरायची. आमच्या साखळ्या 20 टनांना तुटणाऱ्या, म्हणजे 10 टन एमएसएल. 39.4 टनांच्या धडाला प्रत्येक बाजूला चार. मुकादमाच्या माणसांनी तीनच लावल्या होत्या, वर एक साखळी पायरीच्या ब्रॅकेटला अडकवलेली. तो ब्रॅकेट माणसाचं वजन पेलतो, लाटेचा झटका नाही. बांधण्याच्या जागा रंगवून ठेवल्या होत्या, पण पिवळ्या यंत्रावर पिवळ्याच रंगाने. लाल हवा होता.

सिलिंडरच्या रॉडवर ग्रीस आणि मेणाची पट्टी गुंडाळली होती. प्रत्येक नगाचे चारही बाजूंनी फोटो घेतले. रात्री दोनला जहाज निघालं.

8 एप्रिल

जहाज पोचलं. मूळ बिल ऑफ लेडिंग नाही पोचलं. ते कुरियरमध्ये आहे. मूळ प्रत दिल्याशिवाय माल सुटत नाही. खरेदीदार आणि पाठवणारा यांच्यात पैशाचा व्यवहार पूर्ण झाला होता, म्हणजे सी वेबिल (मूळ प्रत न देताही माल सोडणारा कागद) पुरलं असतं आणि हा प्रश्नच आला नसता. पण बँकेच्या जुन्या सवयीप्रमाणे मूळ तीन प्रतींचा आग्रह धरला गेला. चार दिवस.

कस्टम्समध्ये दुसरी अडचण: इन्व्हॉइसवरचा इंजिन नंबर आणि इंजिनवरचा नंबर जुळेना. आधीच्या मालकाने कधीतरी इंजिन बदललं होतं. आम्ही चेसिसचा नंबर यंत्रावर वाचला होता, इंजिनचा मात्र कागदावरून उतरवला होता. विक्रेत्याकडून दुरुस्तीचं पत्र आणि जुन्या बिलाची प्रत आली तेव्हा तीन दिवस गेले होते. नियम 2(अ) मुळे बाकी सगळं सुरळीत, 10 नग एक यंत्र म्हणून एका एंट्रीत सुटले. एजंटचे आभार मानायला फोन केला तर त्याने बिलाची आठवण करून दिली.

16 एप्रिल

मॅफी जहाज कंपनीच्या असतात, ठरलेल्या दिवसांत रिकाम्या करून परत द्यायच्या. उतरणीच्या क्रेनची तारीख मी जहाजाच्या तारखेवरून घेतली होती, कागदाच्या घोळामुळे ती टळली आणि क्रेन दुसऱ्या कामावर गेली. तीन मॅफींचा चार दिवसांचा दंड 6.

22 एप्रिल

खाणीवर पेट्या उघडल्या, माल ताब्यात घेतल्यापासून सहाव्या दिवशी. केबिनच्या समोरच्या काचेला तडा, प्लायवुडच्या मागे असल्यामुळे बाहेरून दिसत नव्हता. न दिसणारं नुकसान वाहतूकदाराला तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं. नाही कळवलं तर माल नीट मिळाला असं गृहीत धरतात आणि उलटं सिद्ध करायची जबाबदारी आपली. काच आम्हीच बदलली.

बूम सिलिंडरच्या रॉडवर दोन आडवे ओरखडे, नखाला लागतील इतके. मी दाव्याचं पत्र लिहायला घेतलं, सोबत जोडायला पेटी बंद करण्याआधीचे फोटो काढले. तिसऱ्या फोटोत स्पष्ट दिसत होतं: आमच्याच माणसाने सिलिंडर पेटीला आवळताना पोलादी पट्टी सरळ रॉडवरून घेतली होती. अपुऱ्या पॅकिंगचं नुकसान विम्यात नाही. पत्र फाडलं. रॉड पॉलिश करून, क्रोम चढवून आणायला बारा दिवस.

5 मे

जोडणी. ट्रॅक फ्रेमचे बोल्ट नवे घेतले, जुने परत वापरायचे नसतात. बूमच्या पिना क्रेनचा आकडा बघत घातल्या, चाळीस मिनिटांत बसल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमुळे होज जोडणं दोन दिवसांत झालं, ओळख न पटलेले तीन होज उरलेल्या तोंडांवर लांबी बघून बसवले.

इंजिन सुरू केलं, काही हलवलं नाही, फक्त ऑइल फिरू दिलं. वीस मिनिटांनी रिटर्न फिल्टर उघडला. जाळीवर निळ्या कापसाचे धागे.

27 जानेवारीच्या चिंध्या. टोप्या आल्यावर एक सोडून सगळ्या बदलल्या गेल्या. ती एक कुणीतरी आत ढकलली होती. सगळ्या लाइन सोडून, फ्लश करून, ऑइल गाळून, फिल्टर तीन वेळा बदलून चार दिवस गेले. स्विंग मोटरच्या (वरचं धड फिरवणाऱ्या मोटरच्या) तोंडाशी चिंधीचा मुख्य तुकडा सापडला, तळहाताएवढा. मोटर फिरवली असती तर ती गेली होती.

11 मे

बकेट भरून दहा वेळा फिरवली. स्विंगचा आवाज ठीक, दाब पुस्तिकेप्रमाणे. डाव्या पायवाटेचे ब्रॅकेट परत वेल्ड करायचे आहेत. कापलेले तुकडे कुठल्या पेटीत आहेत ते पॅकिंग लिस्टमध्ये लिहिलेलं नाही. उद्या शोधतो.